ओटोचा डबा

कुवेतच्या शुवैख बंदरात आगबोट धक्क्याला लावायची म्हटली की कप्तान आधी विचारायचा, "लाँचवर सोलकर आहे ना?" आणि सोलकर असायचाच. महबूब सोलकर, मूळचा दाभोळचा, त्या लाँचवरचा सारंग. सही म्हणाल तर अंगठा, पण मिरगाब मोहल्ल्यातल्या कोकणी बिऱ्हाडांत त्याची ऐट काही औरच होती!

आणि ती ऐट काही फुकटची नव्हती बरं का. महायुद्धात, बेचाळीस साली, त्याची बोट जर्मनांनी टॉर्पेडोने फोडली. तेरा दिवस त्याने उघड्या होडीत काढले. धाकटा भाऊ झहूर अकराव्या दिवशी त्याच्या मांडीवर गेला. दर ईदला शिरखुर्मा झाला की लोक ही गोष्ट मागून घेत, बायका पदराने डोळे पुसत, आणि त्याची चौदा वर्षांची मुनिरा बापाच्या शेजारी अशी बसे की जणू होडी तिनेच वल्हवली होती.

पण दुसरी एक गोष्ट होती, तीसेक वर्षांपूर्वीची. ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला, शरीफालाही नाही.

एकसष्टच्या उन्हाळ्यात सरहद्दीपलीकडच्या देशाने रेडिओवर गर्जना केली, कुवेत म्हणे आमचंच! मदतीला गोऱ्या फौजा उतरल्या, कितीतरी लोकांनी बोचकी बांधली. महबूब जागचा हलला नाही. पुढे सगळं निवळलं, पण शाळेतल्या मुलांच्या तोंडी लढाई ती लढाईच. शेवटी मुनिराच्या सफिया टीचर म्हणाल्या, "पुस्तकात महायुद्धाला दोनच पानं आहेत. त्यापेक्षा तुझ्या बावांनाच बोलाव."

मुनिराचे पाय काही जमिनीवर ठरेनात. बापाच्या कोटाला तिने स्वतः इस्त्री केली.

वर्गात महबूबने होडीची गोष्ट सांगितली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात रबिया नावाची एक मुलगी उभी राहिली. "चाचा, एक माणूस म्हणतो लढा, आणि अख्खा देश त्याच्या मागे जातो? ते जर्मन सगळे वाईटच होते का?"

झाली का पंचाईत! 'हो' म्हणायचं आणि घरी जायचं, इतकं सोपं होतं. पण होडीत मेलेल्या झहूरची आत्ताच गोष्ट सांगून त्याच तोंडाने खोटं कसं बोलायचं? आणि खरं सांगावं तर पहिल्या बाकावर मुनिरा, मान ताठ करून बसलेली. ती मान आपल्यापायी खाली जाणार. त्याने टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"नव्हते गं पोरी," तो म्हणाला. "भुकेले होते."

मग त्याने सांगितलंच. एकतीस साली तो खलाशी म्हणून पहिल्यांदा हॅम्बुर्गला गेला, तेव्हा बंदरात बोटी नुसत्या गंजत उभ्या. अमेरिकेत बाजार कोसळला होता आणि इकडे जर्मनीत बँका बुडाल्या, कारखान्यांना टाळं लागलं. ओटो नावाचा धिप्पाड हमाल रोज एक पत्र्याचा डबा घेऊन बोटीखाली उभा राहायचा. महबूब आपल्या ताटातला अर्धा भात त्यात घालायचा. डबा घेताना ओटो वर बघत नसे.

तेहतीस साली बोट पुन्हा तिथे गेली, तर काय! बंदरभर झेंडे, आणि झेंड्यांवर स्वस्तिक. दाभोळला शेजारच्या खोतांच्या उंबऱ्यावर दिवाळीत काढलेलं असतं, तसंच. सगळे खलाशी खूश. "अरे, ह्यांची पण दिवाळी!" ओटो आला तो करकरीत बूट घालून. त्याच डब्यात बिस्किटं भरून आणली होती. रिकामा डबा परत करायचा नाही ही तर आपली रीत, ती ह्याला कोणी शिकवली? महबूबला भरून आलं. ओटोने त्याच स्वस्तिकाचा एक बिल्ला त्याच्या कोटाला लावला, आणि हा खुळा तो मिरवत गावात गेला.

"वळणावर एक म्हातारा तंबाखूवाला होता, यहुदी. माझ्याशी फार प्रेमाने वागायचा," महबूब सांगत होता. "त्याचं दुकान फोडलं होतं. माणसं त्याला लाथांनी तुडवत होती, त्यात ओटो. मी धावलो. म्हाताऱ्याने माझ्या छातीवरचा बिल्ला पाहिला, आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मला घाबरून! मी त्याला उठवायला गेलो होतो रे पोरांनो."

मुनिरा बाकाकडे बघत होती.

"ओटोला काम मिळालं, बूट मिळाले, मग विचारायचं राहून गेलं. अशा लाखो ओटोंचं. बोलणारा एकच, बाकी सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. कामं कसली निघाली? तोफांची, पाणबुड्यांची. पाणबुड्या काय मासे धरायला बांधतात? त्यातलीच एक नऊ वर्षांनी आमच्या बोटीखाली आली."

"आणि बिल्ला?" रबियाने विचारलं.

"तिथल्या तिथे काढला. संध्याकाळी बोट सुटायच्या आधी ओटो डबा न्यायला आला, तेव्हा त्यात तो एकटा बिल्ला घालून त्याच्या हातात दिला. झाकण उघडून त्याने पाहिलं. त्याचे दोस्त पाठीमागेच उभे होते. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?"

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

बापलेक समुद्राच्या कडेने घराकडे निघाले. मुनिरा चार पावलं पुढेच चालत होती. गेली ती ऐट, तो मनाशी म्हणाला, पोरीच्या नजरेतून उतरलो.

कस्टमच्या कचेरीपाशी ती थांबली. "बावा, त्या दिवशी आणखी कुणी बिल्ला काढून परत दिला?"

"मी तरी पाहिला नाही."

"मग ही गोष्ट तुम्ही ईदला का नाही सांगत?"

"तो म्हातारा मला घाबरला गं. ते काय चारचौघांत सांगायचं?"

"तेही सांगायचं," मुनिरा म्हणाली. "होडीत तुम्हाला नशिबाने ढकललं होतं. हे तुम्ही स्वतः केलंत."

महबूबने उगाच टोपी काढली आणि परत घातली.

पुढच्या ईदला बिऱ्हाड माणसांनी भरून गेलं. शिरखुर्म्याच्या वाट्या खाली झाल्या, आणि कोणीतरी हाक दिली, "हां, सारंग, होऊ दे होडी!"

मुनिरा बापाच्या शेजारी येऊन बसली, मान ताठ. "होडी मागाहून," तिने फर्मावलं. "आधी डबा."