शाळूताईंचा खो

नवरा बोलत नाही, ही काय तक्रार झाली? मारत नाही, पीत नाही, दुकान सांभाळतो, वेळेवर घरी येतो. श्रीदेवीनं माढ्याला माहेरी जाऊन आईपाशी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा आईनं तिला हेच ऐकवलं. वर शेजारणीच्या लेकीचे हाल सांगितले आणि निघताना पिशवीत शेंगाचटणीचा डबा घातला. आता यावर माणसानं काय बोलावं? डबा घेऊन ती एसटीनं सोलापूरला परत आली.

बरं, कारण तरी काय? ऐका. सात रस्त्याजवळ महेश्वरचं भांड्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. काव्या तेव्हा रांगत होती. एका दुपारी श्रीदेवी जेवणाचा डबा द्यायला खाली उतरली, तर महेश्वर स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं तांब्याचं घंगाळ काढत होता. समोर लग्नाच्या खरेदीचं गिऱ्हाईक, मुलीकडचं सगळं गणगोत. स्टूल कलंडलं आणि महाराज घंगाळासकट पातेल्यांच्या उतरंडीत जाऊन बसले. लागलं-बिगलं काही नाही. गिऱ्हाईक हसलं, आणि श्रीदेवीही हसली. झालं. गिऱ्हाइकाचं हसणं त्यानं मनावर घेतलं नाही, उलट त्यांना भावात सूट दिली. बायकोचं तेवढं धरून ठेवलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा बंद झाला.

चार दिवस राग राहील, उतरेल, असं तिला वाटलं. तिनं माफी मागितली. त्याच्या आवडीची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली. ती त्यानं दोनदा मागून घेतली, पण आईकडे. घरात बोलणं कानडीतलं. तो आईला म्हणायचा, तिला सांग, उद्या लवकर जायचंय. आणि 'ती' तिथंच, परात पुढ्यात घेऊन, हातभर अंतरावर. ईरम्मा मान वळवून तेच पुन्हा मराठीत सांगायच्या, कारण सुनेचं कानडी कच्चं, असं त्यांचं मत. ते कानडी तिला चांगलं कळत होतं हो. न कळतं तर बरं झालं असतं.

ईरम्मा वाईट बाई नव्हत्या. एकदा श्रीदेवी चुलीपाशी रडताना दिसली तशा जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मालक माज्याशी लई वर्षं बोलले न्हाईत बाई. मेले का मी? जेवतोय की तो. वाढतीस की तू. बास की." त्यांनी हे समजूत काढायला म्हणून सांगितलं होतं. तोवर श्रीदेवी वाट बघत होती. हा रुसवा नाही, हे या घरचं वळणच आहे आणि ते जन्मभर चालू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

ब्लॉगचं खूळ तिच्या आयुष्यात आलं ते अशा वेळी. दुकानाच्या बिलांसाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर वरच्या खोलीत आणून टाकला होता. दुपारी ईरम्मा आडव्या झाल्या, काव्या झोपली, की श्रीदेवी त्याच्यासमोर बसायची. मराठी घेऊन बीए झालेली पोरगी, हात शिवशिवत होतेच. तिनं 'शाळू' नावाचा ब्लॉग काढला. माढ्याकडच्या शिवारातली शाळू ज्वारी, हुरड्याचे दिवस, कडक भाकरी मोडायची कशी आणि भिजवायची कशात, असलं काहीबाही लिहायची. स्वतःचं नाव कुठं घातलं नाही. लोक तिला शाळूताई म्हणायला लागले. पुण्याची ऋतुजा, ठाण्याचा कुणी, अमेरिकेतली कुणी. दिवसभरात तिला उद्देशून कुणी काही म्हणत असेल तर ही माणसं. "शाळूताई, कुठे आहात? आठवडा झाला, काही लिहिलं नाहीत." हे वाक्य तिनं किती वेळा वाचलं असेल! घरात ती बसली, उठली, आजारी पडली, तरी कुणी कुठे आहात म्हणून विचारत नव्हतं.

त्या काळात ब्लॉगवाल्यांचा एक खेळ असायचा. त्याला म्हणायचे खो. एकानं दुसऱ्याला खो दिला, की त्यानं ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं आपल्या ब्लॉगवर लिहायची आणि मग पुढच्या पाच जणांना खो द्यायचा. वाचायलाच हवं असं पुस्तक कोणतं, खायलाच हवा असा पदार्थ कोणता, बघायलाच हवी अशी जागा कोणती, असे प्रश्न. खो मिळणं हा मान असायचा, आणि कुणी दिलाच नाही तर लोक रुसायचे. मोठी शिकलेली, चाळिशी गाठलेली माणसं, पण या खेळात पार शाळकरी होऊन जायची.

एका हिवाळ्यात ऋतुजानं शाळूताईंना खो दिला. ऋतुजा पुण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. ती स्वतःच्या नावानं लिहायची आणि तिच्या शब्दाला त्या सगळ्या मंडळींत वजन होतं. तिच्या खोमध्ये शेवटचा प्रश्न होता, आजवर कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट. इतरांनी त्याची गंमत केली होती. कुणी लहानपणी खडू खायचा. कुणाला अजून पालीची भीती वाटायची.

श्रीदेवीनं पहिली उत्तरं झटपट लिहिली. खायला शेंगाचटणी, बघायला हिप्परग्याचा तलाव, ते पण संध्याकाळी. शेवटच्या प्रश्नापाशी ती अडली. अडली म्हणजे काय, तिला कळलं की हीच वेळ आहे. समोरासमोर कुणाला सांगायची सोय नाही, आणि इथं तर आपणहून विचारतायत. तिनं सुरुवात केली: "आमच्या घरात एक माणूस आहे, तो सगळ्यांशी बोलतो. गिऱ्हाइकांशी बोलतो, मांजराशीसुद्धा बोलतो. माझ्याशी बोलत नाही." मग घंगाळ, हुग्गी, ती परात, सगळं आलं. मी घरात आहे की नाही याची कधी कधी खात्री वाटत नाही, असं लिहिलं. दोनदा गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आले, हेही लिहिलं. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, जिच्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप होता: "हे वाचून कुणीतरी मला एवढंच विचारा, की हे खरं आहे का."

चूक कुठं झाली सांगू? तिनं ते चांगलं लिहिलं. वेडीवाकडी, रडत-भेकत लिहिती, तर कुणीतरी धावलं असतं. पण बाईला सवय. एकेक वाक्य पुन्हा पुन्हा वाचून, जास्तीचे शब्द काढून, चार दुपारी घासूनपुसून लख्ख केलं आणि मगच ब्लॉगवर टाकलं. मदतीची हाक कुणी अशी लिहितं का? पण तिला दुसरं लिहिताच येत नव्हतं.

प्रतिक्रिया धो धो आल्या. अप्रतिम. निःशब्द. अंगावर काटा. पुस्तक काढा आता, शाळूताई. एकानं विचारलं, घंगाळ ही वस्तू मुद्दाम निवडलीत का? श्रीदेवी एकेक उघडून बघत होती आणि प्रत्येकात तो एकच प्रश्न शोधत होती. तो कुणी विचारला नाही. ऋतुजाची प्रतिक्रिया संध्याकाळी आली, चांगली लांबलचक. बाईनं मन लावून वाचलं होतं, यात शंका नाही. तिनं लिहिलं होतं, "काय ताकदीचं लिहिता हो तुम्ही! फक्त गच्चीचा कठडा आता वापरून वापरून गुळगुळीत झालाय. आणि ती शेवटची ओळ काढून टाका. तिच्यामुळे लेखिका मध्ये येते."

तरी श्रीदेवीनं हिंमत केली. खाली उत्तर लिहिलं: "ही कथा नाही." तीन शब्दांचं सत्य, यापेक्षा सरळ काय सांगणार? ऋतुजानं लगेच हसरा चेहरा काढून लिहिलं, "अगदी! कथा वाटतच नाही. हेच तर तुमचं यश." त्याखाली अकलूजचा कुणी, मुंबईची कुणी, सगळ्यांनी तिला दुजोरा दिला. आणि ज्या पाच जणांना शाळूताईंनी खो दिला होता, ते आपापल्या ब्लॉगवर आवडत्या पुस्तकांची नावं लिहायला लागले. खेळ पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं आपल्या ब्लॉगवर 'वाचायलाच हवं असं काही' म्हणून तो मजकूर उतरवून घेतला. शेवटची ओळ तिनं स्वतःच काढली होती, आणि तसं मोकळेपणानं कळवलंही होतं. परवानगी गृहीत धरते, रागावू नका, असं म्हणाली. रागवायचं कुणावर? ती कौतुकच करत होती बिचारी.

त्या दुपारी श्रीदेवी तिसऱ्यांदा गच्चीवर गेली. ऊन कलत होतं, खाली रिक्षांचा गोंगाट. ती कठड्याला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात जिन्यातून ईरम्मांची हाक आली, "नीरु बंतु!" पाणी आलं. सोलापुरात पाणी यायचं म्हणजे काही दिवसांनी एकदा, आणि ते आलं की हातातलं सगळं टाकून भरायला पळायचं. सुटलं तर पुढची पाळी येईपर्यंत बोंब. श्रीदेवीचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. पिंप, हंडे, बादल्या, दुकानातलं एक विकायचं पातेलंसुद्धा भरून झालं. भरताना तिला एकदम हसू आलं, आणि मग ते कितीतरी वेळ थांबेना. ईरम्मा तिच्याकडे बघत राहिल्या. मरायलासुद्धा सवड म्हणून मिळायची नाही या घरात.

ती पुन्हा कधी कठड्यापाशी गेली नाही. ब्लॉगकडेही गेली नाही. शाळूताई, कुठे आहात, असं काही दिवस कुणीकुणी विचारलं; मग सगळीच माणसं फेसबुकवर निघून गेली आणि तो पाराच ओस पडला.

पुढे ईरम्मा वारल्या. तेराव्यानंतरच्या सकाळी महेश्वर ताटावर बसला, इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाला, "भाकरी." निरोप द्यायला कुणी उरलं नव्हतं आणि काव्या शाळेत गेली होती, म्हणून. इतक्या वर्षांनी नवरा आपल्याशी बोलला तेव्हा बाईला काय वाटलं असेल? काही वाटलं नाही. तिनं भाकरी वाढली. पुढे चहा, लाईटचं बिल, गॅस, असे शब्द येत गेले. लोकांना वाटलं, अबोल जोडपं आहे. काव्यालाही तेच वाटतं. बाबांचा स्वभावच कमी बोलायचा, असं ती मैत्रिणींना सांगते, आणि तिचं बापावर प्रेमही आहे.

काव्या आता फार्मसीला आहे. परवाच्या रविवारची गोष्ट. महेश्वर खुर्चीत मोबाईल घेऊन बसला होता, श्रीदेवी जमिनीवर बसून शेंगा निवडत होती. महेश्वर रोज नातेवाइकांच्या ग्रुपवर सुविचार, देवाचे फोटो, हृदयस्पर्शी काहीतरी, असं पुढे ढकलत असतो. त्यानं काहीतरी पाठवलं आणि काव्याचा फोन वाजला. तिनं वाचलं, मग म्हणाली, आई, हे ऐक, आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"आमच्या घरात एक माणूस आहे, तो सगळ्यांशी बोलतो."

श्रीदेवीच्या हातातली शेंग हातातच राहिली. काव्या छान वाचते. घंगाळ आलं, हुग्गी आली, परात आली. हुग्गीची खीर झाली होती, कुणीतरी सगळ्यांना कळावं म्हणून बदललेली. बाकी शब्दन् शब्द तिचा. शेवटची ओळ नव्हती. तिच्या जागी दोन हात जोडलेले आणि 'लेखिका अज्ञात, डोळ्यात पाणी आलं तर आणखी पाच जणांना पाठवा.' महेश्वरनं पाठवलं होतं. स्टुलावरून तो पडला होता, आणि त्याच्या काही म्हणता काही लक्षात आलं नव्हतं. किंवा वाचलंच नसेल. तो कुठं वाचतो?

काव्यानं फोन खाली ठेवला. मग आईकडे बघून हळूच म्हणाली, "आई, हे खरं असेल का गं?"

इतकी वर्षं जो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तिनं जीव टाकला, तो हा. ती ओळ कापून टाकली होती, तरी पोरीनं आपल्या मनानं विचारला. श्रीदेवीनं मान वर केली. महेश्वरनंही मोबाईलमधून डोळे काढले होते आणि तो तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत धाक नव्हता. चहाला उशीर होतोय, एवढंच होतं. आणि काव्या समोर, बापाच्या खुर्चीच्या हातावर टेकून बसलेली. हो म्हटलं, तर या पोरीच्या बापाचं आपण काय करणार? आणि मग आपण तरी कुठं जाणार? तेव्हा जायला वय होतं. आता विचारलंस होय गं बाई, असं तिच्या मनात आलं, आणि त्या निष्पाप पोरीचाच तिला भयंकर राग आला.

"न्हाई गं," ती म्हणाली, आणि बोलताना कशी कोण जाणे माढ्याची बोली तोंडी आली. "कुणीतरी रचून लिव्हलं असंल."

"तरीच," काव्या म्हणाली. "शेवट अर्धवटच वाटला मला." तिनं तो मजकूर तिच्या मैत्रिणींना पाठवला आणि आंघोळीला निघून गेली.

"चहा," महेश्वर म्हणाला.

श्रीदेवीनं सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या, उठली आणि आधण ठेवलं.