शामरावमामांची चौथी खोली

मामा गेल्याची तार रिसोडला शाळेत आली, तेव्हा मी तिसरीचा वर्ग घेत होते. कारंज्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... अंगणात भाडेकरू बसले होते. जो तो मामांच्या चांगुलपणाबद्दल बोलत होता, आणि मला मात्र त्यांची एक दुपार आठवत होती.

शामरावमामा आईचे धाकटे भाऊ, प्राथमिक शाळेतले गुरुजी. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर दोनेक वर्षांनी त्यांची कारंज्याला नेमणूक झाली. आडनाव सांगितलं की घरमालक म्हणे, खोली भरली. म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मानोरा रस्त्याला जागा घेतली आणि ओळीनं पाच खोल्या बांधल्या. एक स्वतःला, चार भाड्याला. मी शिकायला त्यांच्याकडेच होते. सुरुवातीला येईल त्याला खोली मिळे. पण कापसाच्या जिनिंगचा हंगाम सरला की मजूर गावी परतत आणि उन्हाळाभर खोल्या ओस पडत. मग मामांनी नियमच केला, खोली फक्त नोकरीवाल्याला. त्यानंतर खोल्या क्वचितच रिकाम्या राहिल्या.

बहात्तरच्या दुष्काळात एका कारकुनाची बदली झाली आणि चौथी खोली मोकळी झाली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई दिवस भरत आलेल्या सुनेला घेऊन दारात उभी राहिली. काम मिळेपर्यंत आसरा मागत होती. मामा चाचरले, मग म्हणाले, "खोली भरली हाये."

बाईनं चौथ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "भरली हाये त कुलूप काहून, गुरुजी?"

त्या दोघी उन्हातच निघून गेल्या. मामा जेवले नाहीत. संध्याकाळी मला घेऊन जिनिंगवर गेले, एसटी स्टँडवर गेले, धर्मशाळेत विचारलं... दोघी सापडल्या नाहीत. त्या सुनेचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. परतताना मामा एवढंच म्हणाले, "पोरी, मी बी त्या घरमालकायसारखाच झालो."

त्यांनी पुन्हा हिशेब मांडला. तीन खोल्या नोकरीवाल्यांना, चौथी हंगामी मजुरांना, महिन्याच्या बोलीवर. रिकामी राहिली तरी बाकीच्या तिघींनी तिला पोसायचं. असं शेवटपर्यंत चाललं. पण लोकांनी कौतुक केलं की मामा उठून आत जात.

मागच्या आठवड्यात नागपूरहून त्यांच्या मुलाचं मला पत्र आलं, खोल्या आता त्याच्याच. चौथी खोलीही नोकरीवाल्याला द्यायची, राहणाऱ्यांना तसं सांगून ये. मी कारंज्याला गेले. खोलीतली बाई जमीन सारवत होती. मला पाहून तिनं हात थांबवला.

"आता आमाले जा लागन काय, बाई?"

पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, "हंगाम सरेपर्यंत राहा." त्यापुढचं विचारायचं तिनं टाळलं, आणि सांगायचं मी. ती मागे सरत सरत उंबऱ्यापर्यंत सारवत आली. ओल्या जमिनीवर पाऊल टाकवेना... मी बाहेरच उभी राहिले.