लाल बटणावरचा तळहात

आपण घाईत असलो की आमचे सर कीबोर्डवर आडवा तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "आगु." तेलुगूत आगु म्हणजे थांब. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. मला तर त्यांचा भयंकर राग यायचा.

सोलापुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांसाठी कंट्रोल बोर्ड बनतात. कॅमेऱ्यानं तुटलेला धागा ओळखायचा आणि मोटर थांबवायची, हे त्या बोर्डाचं काम. सर आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरचे. जेवताना माझ्या डब्यातली शेंगाचटणी घेण्याआधीही विचारायचे, "हा डबा कुणाचा?"

"सर, सहा वर्षं झाली, माझाच आहे की."

"विचारलेलं बरं असतं."

आता थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. कॅमेरा काय, मोटर काय, दोघंही एकाच मेमरीत ये-जा करतात. कुणाला कुठं जाऊ द्यायचं, हे ठरवणारा एक भाग चिपमध्येच असतो. आम्ही त्याला दारवान म्हणायचो. दारवानाच्या बहुतेक सेटिंग ज्याच्या त्याच्या वेगळ्या, पण दोन-तीन सगळ्यांच्या सामाईक. कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा, मोटरचा वेगळा. मग या सामाईक सेटिंग लिहायच्या कुणी?

मी त्या सेटिंग कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरकडून लिहून घेतल्या. बोर्ड चालू झाला की तोच आधी उठतो, मग त्यालाच लिहू दे की. तीन दिवस सगळं छान चाललं. सरांनी माझा कोड वाचला आणि तळहात आडवा आला.

"हे कॅमेऱ्याचं आहे का?"

"नाही, पण कुणीतरी लिहायलाच हवं ना?"

"ज्याचं त्यानं लिहावं. दारवानाला स्वतःचा ड्रायव्हर कर. बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं." मग म्हणाले, "आमच्या घरी मागावरचा ताण आई एकटीच लावायची. दोघांनी हात घातला की धागे तुटायचे, आणि कुणामुळं तुटले ते कुणालाच सांगता यायचं नाही."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पटलं होतं, पण गुरुवारी कारखान्यात चाचणी होती आणि सरांच्या पद्धतीला दहा-बारा दिवस लागले असते. मी मालकांच्या केबिनमध्ये गेले, तावातावानं बोलले आणि माझं म्हणणं पास करून घेतलं. संध्याकाळी निघताना सर एवढंच म्हणाले, "गुरुवारी मी पण येतो."

अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात आमचा बोर्ड एका मागावर लावला होता. माग चालवायला नरसय्यामामा, तीस वर्षांचे जुने विणकर. सरांना खुर्ची दिली, तरी ते बसले नाहीत. मागाच्या कडेला थेट वीज तोडणारं लाल बटण असतं. त्याच्यावर चार बोटं अंतर ठेवून तळहात धरून ते उभे राहिले. एक तास झाला, दीड झाला. आमचे मालक माझ्याकडे बघून हसले. मला लाज वाटत होती.

धागा तुटला. कॅमेऱ्यानं ओळखला, माग थांबला. टाळ्या पडल्या. नरसय्यामामांनी गाठ मारायला धागे ठोकणाऱ्या फणीच्या पुढं हात घातला. तेवढ्यात मला लॅपटॉपवर दिसलं, की कॅमेऱ्याच्या काचेवर कापसाचा पुंजका बसलाय. पुसायच्या आधी मी सवयीनं कॅमेरा बंद केला.

कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जाताना आपलं लिहिलेलं सगळं पुसून गेला. सामाईक सेटिंगही त्यातच गेल्या. मोटरला मेमरीतून भलतंच काहीतरी मिळालं, आणि थांबलेला माग हलला.

"आगु!"

ओरडणं आणि बटण दाबणं एकदमच झालं. फणी मामांच्या बोटांना टेकून थांबली. त्यांनी हात बाहेर काढला, पालथा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मोटरचा ड्रायव्हर चालू असताना कॅमेरा बंद करून मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सर मालकांना म्हणाले, "माझं चुकलं. मी अडवायला पाहिजे होतं." मला रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे अकरा दिवस ते माझ्या शेजारी बसले. दारवानाचा ड्रायव्हर झाला. सामाईक सेटिंग तोच लिहिणार, आणि एकालाही त्या लागत असतील तोवर पुसणार नाही. प्रत्येक गोष्ट ते आधी चालू करायला लावायचे, मग उलट्या क्रमानं बंद करायला. मी रडकुंडीला यायचे. ते डबा उघडून विचारायचे, "हा कुणाचा?"

मागच्या दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच. आम्ही त्यांच्या घरी पोचलो तेव्हा गल्लीतले माग बंद होते. गर्दीतून नरसय्यामामा पुढं आले. त्याच मागावर विणलेला पांढरा टॉवेल त्यांनी सरांच्या अंगावर घातला आणि हात जोडले.

सगळे सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी मामांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. बोटं मोजली, पुन्हा मोजली. दहाच्या दहा होती.