खंडेनवमीची शाश्का

नेदरलँड्समध्ये न्यूनेनला राहायचो तेव्हा सासूबाई पहिल्यांदा पुण्याहून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी घराचा ताबा घेतला. खंडेनवमीला पाटावर विळी, सुरी, नवऱ्याचा लॅपटॉप मांडला. बाहेरच्या सायकलींनाही हार. झेंडू कुठला मिळायला, सुपरमार्केटातली शेवंती. मी म्हटलं, "आई, शेजारी हसतील." "हसू देत. तेवढंच तोंड उघडतील," त्या म्हणाल्या.

शेजारचे आजोबा हसले नाहीत. ऐंशीकडे झुकलेले, बायको गेलेली, लवकरच वृद्धाश्रमात जाणार होते. हे काय, म्हणून त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं की आज आम्ही शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो, वर्षभर राबतात बिचारी, आज त्यांना विश्रांती. ते बराच वेळ सायकलींकडे बघत राहिले. मग आत गेले आणि घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

शाश्का होती ती, कोसॅक घोडेस्वारांची तलवार. त्यांचे वडील कोसॅक. रशियातल्या यादवीनंतर भटकत इथे आले, कारखान्यात लागले, डच मुलीशी लग्न केलं. त्यांच्या गावच्या लोहाराने घडवलेली ही शाश्का तेवढी बरोबर आणली. मुठीपाशी हात वाचवायला काहीच नव्हतं. पात्यावर हातोडीचे पुसट ठोके दिसत होते आणि टोकाकडे एक काळपट डाग. मला तो गंज वाटला.

"वडील ती मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहायचे," आजोबा म्हणाले. "ते गेले तरी खुर्ची कधी रिकामी वाटली नाही. माझी बायको म्हणायची, या घरात आपण तिघं राहतो. मी घर सोडलं की त्यांच्याजवळ कोण? त्याआधी त्यांना शांतता मिळायला हवी. तुमच्या पूजेने मिळेल?"

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "करते की. त्यात काय."

मी लेकीला शाळेतून घेऊन आले तोवर शाश्का पाटावर होती, लखलखीत. हळदकुंकू, वर शेवंतीचा हार. चिंच लावून, काथ्याने घासून त्यांनी पातं आरशासारखं केलं होतं. "गंजकी वस्तू देवापुढे ठेवतात होय?" मलाही छानच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजोबा दुपारी आले, दारात बूट काढून. वाकून त्यांनी पात्याच्या टोकाकडे बोट फिरवलं. परत फिरवलं. तो डाग कुठे गेला, असं अगदी हळू विचारलं.

"ते रक्त होतं. माझ्या काकाचं," ते म्हणाले. "यादवीत भाऊ भाऊ दोन बाजूंना होते. त्याला कुणी पुरलं नाही. वडील म्हणायचे, त्याचं एवढंच उरलंय, हे पुसायचं नाही." तलवार वडिलांची आणि रक्त काकाचं. वार कुणी केला ते विचारायची गरजच नव्हती.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सासूबाईंचा असा राग आला की त्यांना सगळं सांगताना माझा आवाज चढला. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, ते पाणी मी मोरीत नाही ओतलं." त्यांच्या माहेरी शस्त्र धुतलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत. झाडाच्या मुळाशी घालतात.

त्यांनीच आजोबांचं कोपर धरलं आणि मागच्या बागेत नेलं. हायड्रेंजियाच्या झाडाखालची माती अजून ओली होती, वर चिंचेचा चोथा. आजोबांनी विचारलं, इथे? सासूबाईंना भाषा कळली नाही, पण मान हलवली. ते रशियनमध्ये काहीतरी पुटपुटले, अगदी थोडं. त्यांना रशियन बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी आत जाऊन शाश्केवरचा हार आणला आणि मातीवर ठेवला. आजोबा रडत होते. "आता वडिलांना खुर्चीतून उठता येईल," ते मला म्हणाले.

पुढे ते वृद्धाश्रमात गेले. शाश्का कुणाकडे गेली मला माहीत नाही. जायच्या आदल्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, खुर्ची खरोखरच रिकामी झाली आहे, आणि खुशीत दिसत होते. मी मात्र त्या दिवसापासून मागचं दार उघडण्याआधी खोकायला लागले. बाहेर कुणी बसलं असेल तर एकदम समोर नको जायला, म्हणून. नवरा चेष्टा करायचा. लेक त्या झाडाजवळ खेळायची नाही, आणि तिला तर आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी आम्ही दुसऱ्या शहरात, हूफडॉर्पला, घर बदललं. किल्ल्या घ्यायला आलेला घरमालक बाग बघून म्हणाला, आता सगळीकडे फरशी घालून टाकतो. मी म्हटलं, तेवढं झाड आणि त्याखालची माती राहू द्या, तिथे आमचं माणूस आहे. त्याला अस्थी वाटल्या असाव्यात. टोपी काढून त्याने विचारलं, कोण होते? मला एकाचंच, त्या काकाचं, सांगायचं होतं. तोंडातून निघालं, दोघे भाऊ.