आकडे संपलेली गाडी

लिफ्टमनचं सगळं आयुष्य उभ्या रेषेत गेलं. मोठ्या इस्पितळात तळमजल्यावरून वर, वरून पुन्हा तळमजल्याला. अवघडलेल्या बाया वर नेल्या, त्यांची तान्ही पोरं खाली आणली. मजले मोजले असते तर माणूस ढगांच्या पलीकडे पोचला असता; पण पुढे म्हणून कधी गेला नाही. घर ते इस्पितळ, आणि तेही खोकणाऱ्या स्कूटरवर. निवृत्त झाला आणि म्हणाला, "आता आडवं जायचं. लांब पल्ल्याची मोटरसायकल घेणार. जुनी का असेना."

"आडवंच व्हाल," बायको म्हणाली. "दोन्ही पाय वर करून."

तरी गाडी बघायला ती बरोबर आली. नवरा फसायचाच असेल तर निदान आपल्यादेखत फसावा, एवढ्यासाठी.

गाडी विकणारी बाई शिलाई मशीन दुरुस्त करायची. कुठल्या कारखान्यातून, कुठल्या आडगावच्या शिंप्याकडून बोलावणं आलं की हत्यारं गाडीच्या पेट्यांत भरून ती निघायची. आता नजर अधू झाली होती. सुईचं नेढं दिसेना तिथवर तिनं काम रेटलं. रस्त्यावरचा खड्डा दिसेना, तेव्हा मात्र गाडी विकायला काढली.

मागच्या अंगणात पत्र्याखाली गाडी उभी होती. रुंद सीट, पोचे पडलेल्या पेट्या, पुढच्या काचेवर ओरखड्यांची जाळी. हँडलच्या रबरावर बोटांच्या जागी खळगे पडले होते. लिफ्टमननं वाकून मीटर वाचलं आणि हरखला.

"अगं, फारशी चाललेलीच नाही! नवीच म्हणायची की!"

बाई हसली. "भाऊ, त्या मीटरात पाचच आकडे मावतात. सगळे नऊ झाले की परत शून्य. असा तो दोनदा फिरून आलाय. आकडे संपले, गाडी नाही संपली."

लिफ्टमनच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याच्या लिफ्टचे आकडे संपले की वर नुसती गच्ची असायची, पुढे जायला जागा नाही. आणि हे धूड आकडे खाऊन पुढे गेलं होतं. निजलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा त्यानं टाकीवर हात ठेवला.

"आवडली? मग उचलून दाखवा."

बाईनं जमिनीवर जुनी गादी टाकली आणि गाडी हलकेच तिच्यावर उजव्या कुशीला निजवली. "रस्त्यात कधी ना कधी ही पडते. तेव्हा चिटपाखरू नसतं आजूबाजूला. ज्याला उचलता येत नाही, त्याला देणार नाही. उद्या कुठल्या घाटात अडकलात, तर माझ्या जिवाला घोर."

लिफ्टमननं हँडल धरून जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गाडी ढिम्म.

"अहो, बटण दाबून बघा," बायको म्हणाली. "येईल वर."

त्यानं पुन्हा जोर लावला. या खेपेला त्याचे डोळे ओलावले, आणि ते नुसतं जोरानं नव्हतं. बायकोचं हसू तिथंच विरलं.

"सरका," बाई म्हणाली. ती गाडीकडे पाठ करून वाकली, बूड सीटला टेकवलं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. मग बारीक बारीक पावलं टाकत मागे चालू लागली. पांढऱ्या केसांची, काडीसारखी बाई, आणि तिच्या पाठीमागून ते लोखंड झोपेतून उठल्यासारखं उठत गेलं. नवरा-बायको तोंडात बोट घालून बघत राहिले.

"हातांनी नाही लावायचा जोर, पायांनी लावायचा," म्हणत तिनं गाडी पुन्हा निजवली.

लिफ्टमन पाठ करून बसला. टाचा रोवल्या. एक पाऊल, आणखी एक. पाठीशी काहीतरी हललं, गादीवरून सुटलं. मग मध्यावर एक क्षण असा आला की वजनच उरलं नाही. एवढं मोठं धूड, दोनदा आकडे संपवलेलं, त्याच्या पाठीला टेकून हलकं फूल झालं होतं. तो तसाच थांबला, खुळ्यासारखा, तोंड उघडं टाकून.

आणि गाडी पलीकडे कलली.

"अहो!" बायकोनं धावत जाऊन पलीकडून खांदा लावला.

"स्टँड!" बाईनं वाकून डावीकडचा स्टँड खाली पाडला. "उचलायच्या आधी पाडायचा असतो, भाऊ. पहिल्यांदा सगळे विसरतात. मीही विसरले होते. फक्त पलीकडे खांदा द्यायला कुणी नव्हतं."

लिफ्टमननं मान खाली घातली. "म्हणजे नाही जमलं."

"एकट्याला नाही देणार," बाई म्हणाली आणि किल्ली बायकोच्या तळहातावर ठेवली. "दोघं जाणार असाल तर न्या."

बायकोनं किल्ली मुठीत धरली. मग पदर खोचला.

"आडवी करा बघू परत," ती नवऱ्याला म्हणाली. "मलाही शिकायचंय."