वन्संचा चुकलेला आकडा

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं विषाणूंचा हिशेब काढत होत्या. नव्या नवलाईत मी विचारलं होतं, "कोट्यवधी विषाणू मोजता तरी कसे हो?"

"सगळे कुठे मोजायचेत? बहुतेक फुकटच जातात, वंश चालवणारे थोडे. ते किती, हे त्यांच्यातल्या वेगळेपणावरून काढायचं; वेगळेपण जितकं जास्त, तितका आकडा मोठा. आकडा लहान आला, तर औषधाला दाद न देणारा एखादा आधीच दडून बसला असेल ही भीती कमी."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. माणसं बारा, कामाचे हात दोन."

"आणि तेही कुरकुरणारे!" वन्सं हसल्या.

एकदा एका बस ड्रायव्हरचं रक्त आलं. एका औषधावर भागेल की दोन औषधं एकदम द्यावी लागतील, हे डॉक्टरांना हवं होतं. दुसरं मूत्रपिंडांना जड, म्हणून टाळता आलं तर बरं. नळीत रक्त जेमतेम होतं. पुन्हा मागवायचं तर आठवडा जाणार, म्हणून वन्संनी आहे त्यावरच भागवलं. यंत्राने विषाणूंच्या लाखो प्रती काढल्या. वाचल्या, तर सगळ्या जवळपास सारख्या! वन्संनी लिहून दिलं, सुमारे आठशे, म्हणजे लहानच. डॉक्टरांनी एकच औषध सुरू केलं.

तिसऱ्या महिन्यात ते चालेनासं झालं.

वन्संनी जुनी टिपणं काढली. त्या दिवशी यंत्रात मुळात दहा-बाराच विषाणू गेले होते. त्यांच्याच प्रती त्या पुन्हापुन्हा वाचत बसल्या होत्या. भरपूर रक्त मागवून पाहिलं, तर आकडा पन्नास हजारांच्या वर.

डॉक्टरांना कळवून त्या स्वतः ड्रायव्हरकडे गेल्या. सगळं सांगितलं.

"दोन्ही एकदम दिली असती तर?"

"बहुधा आटोक्यात आलं असतं."

"आणि आता?"

"पहिलं निकामी झालं. दुसरं एकटंच, जास्त प्रमाणात द्यावं लागेल."

तो पायाने स्टूल पुढे सरकवत म्हणाला, "बसा ना बाई. माझ्यासमोर कुणी उभं राहिलं की मला गाडी भरल्यासारखी वाटते."

"काम पडलंय," म्हणून वन्सं निघाल्या.

त्याची मूत्रपिंडं गेली आणि वर्षाच्या आत तोही. त्यानंतर वन्सं अर्धी नळी सरळ परत पाठवायच्या. डॉक्टर वैतागायचे.

परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आकडा मी दुरुस्त केला गं. पण कसलं काम नि कसलं काय! त्याला आणखी काही विचारायचं होतं, आणि मी पळाले."