हिरड्यांवरचं काम

कल्याणात कुणी विचारलं, "भाची काय करते हो?" की आत्या मान ताठ करून सांगायची, "ठाण्याच्या प्रयोगशाळेत असते. हिरड्यांवर काम करते." ऐकणारीला वाटायचं, मी खलबत्त्यात हिरडे कुटते. एकीनं तर टिटवाळ्याहून पिशवीभर हिरडे आणून दिले. फळाचे हिरडे आणि दातांच्या हिरड्या, दोन्हींवर काम करायचं म्हटलं की मराठीत 'हिरड्यांवर'च म्हणायचं, त्याला मी काय करणार?

मी काम करत होते हिरडीतल्या गाठींवर. उंदरांच्या अंगात गाठ वाढवायची, नवनवी संयुगं बनवून टोचायची आणि गाठ आक्रसते का ते बघायचं. बहुतेकदा उंदीरच आधी मरायचा. साहेब म्हणायचे, "बाई, हा नाद सोडा, लग्न करा." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याआधी येऊन बसायची.

आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. रोज सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. एकदा मशेरी लावताना तिनं रक्त थुंकलं. मी तिचा ओठ खाली ओढून बघितलं. खालच्या हिरडीत गाठ होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याच्या तुकड्यासकट गाठ काढावी लागेल, आणि लवकर. आत्या घरी येऊन हटून बसली.

"कापून घेणार नाही. तुझं औषध लाव."

"ते औषध नाही अजून, आत्या."

"अख्ख्या आळीला सांगितलंय मी. आता माझ्यावर वेळ आली तर मागे सरतेस?"

शेजारणीही तिचीच री ओढायला लागल्या, घरात औषध असताना कापाकापी कशाला! माझं डोकं फिरलं. त्या सगळ्यांसमोर मी ओरडले, "एकाही उंदराची गाठ बरी झालेली नाही! एकाही! तुला लावू काय?"

आत्या माझ्याकडे वळली.

"मग रोज जातेस कशाला?"

"एक तरी गाठ बरी होईपर्यंत जाणार. साहेब काही म्हणोत, तू काही म्हण."

ती उठली, मशेरीची डबी मोरीत उपडी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. "चल मग, घेते कापून. पण नंतर तू काम सोडलंस तर याद राख."

शस्त्रक्रिया झाली. तिचा एक गाल आत गेला, बोलणं बोबडं झालं. आता ही तोंडावर पदर घेऊन वावरणार, असं मला वाटलं होतं.

महिन्याभरानं ती नळावर पाणी भरत होती. मी मागून हंडा घेऊन येत होते. एका नव्या बिऱ्हाडकरणीनं विचारलं, "तुमची भाची ती हिरडे कुटणारी ना?"

आत्यानं घागर खाली ठेवली. बोटानं ओठ ओढून तिला ती मोकळी जागा दाखवली.

"फळ नव्हे गं. ह्या हिरड्या," ती म्हणाली. "आणि अजून जमलेलं नाही तिला. म्हणून उद्याही जाणार आहे."